साडेअकराची तार

तिला सगळे हातोडी म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर ‘ताई’ किंवा ‘बाई’. पण त्या लांबट इमारतीत कुणी नवखा आला आणि नमुने तोडायला कुणाकडे द्यायचे असं त्यानं विचारलं, की उत्तर ठरलेलं असायचं, "शेवटची खोली. हातोडीकडे. दार वाजवून जा, नाहीतर तुझाच नमुना व्हायचा."

नाव पडायला दोन कारणं होती. एक तिचं यंत्र. लोखंडी दांड्याला बसवलेला जड हातोडा एका ठरलेल्या उंचीवरून सोडायचा. तो झोक्यासारखा खाली येतो, पकडीत उभी केलेली प्लास्टिकची बोटभर पट्टी मोडतो आणि पलीकडे वर जातो. पलीकडे किती वर गेला, ते काट्यावर वाचायचं. पट्टी ठिसूळ असली तर हातोडा ती वाटेत नव्हतीच अशा थाटात वर चढतो. चिवट असली तर सगळा जोर तीच पिऊन टाकते आणि हातोडा पलीकडे जेमतेम चार बोटं उचलला जातो. नव्या माणसाला ती हे एकदाच सांगायची, "पट्टीकडे काय बघताय? ती मोडलीच आहे. हातोड्यात किती उरलंय ते बघा."

दुसरं कारण तिचा राग. तो नाकावर नव्हता, हातात होता.

हे यंत्र वाचायला ती खरं तर फार आधी शिकली होती, सात-आठ वर्षांची असताना. बाप खडी फोडण्याच्या यंत्रावर कामाला होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या पापण्यांवर पांढरी भुकटी असायची आणि कानांत ते यंत्र अजून चालूच असायचं, त्यामुळे घरातला कुठलाही आवाज त्याला सोसत नसे. भांडं पडलं, की हात. धाकटा खोकला, की हात. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. एका खोलीच्या घरात पळायला जागा नव्हती, म्हणून ती मोजायला शिकली. पहिला फटका बसल्यावर बापाचा हात पुन्हा किती वर जातो ते बघायचं. खांद्याच्या वर गेला तर अजून तीन-चार बाकी आहेत. कमरेपाशीच राहिला तर संपलं. धाकटा भाऊ तिच्या पाठीमागे झग्याचं टोक मुठीत धरून उभा असायचा. फटका केवढाही असला तरी तो आपल्यातच संपला पाहिजे, मागे जाता कामा नये, एवढंच तिला कळत होतं.

चौदाव्या वर्षी तिनं बापाचं मनगट मोडलं. त्यानं धाकट्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं होतं आणि पुन्हा आपटायला तो निघाला होता. शेगडीजवळची लोखंडी सांडशी तिच्या हाताला लागली. हाड ओल्या फांदीसारखं मोडलं, फारसा आवाज न करता. बाप मनगट मांडीवर घेऊन खाली बसला आणि नवल वाटल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. त्यानंतर मरेपर्यंत त्यानं घरात कुणाला हात लावला नाही आणि तिच्याशी एक शब्द बोलला नाही. दोन्ही गोष्टी तिला चालण्यासारख्या होत्या.

लग्नही झालं होतं. तिसऱ्या आठवड्यात नवऱ्यानं हात उचलला, तिनं बत्ता उचलला. "तुझ्या घरी हेच शिकवलं का?" कपाळाला रुमाल दाबून त्यानं विचारलं. "हो," ती म्हणाली, "लहानपणापासून." संसार तिथेच आटोपला.

प्रयोगशाळेत ती आली काचेची भांडी धुवायला. मोठ्या सरांनी तिला तिथून वर काढलं. ते शांत, नीटनेटके, कधी आवाज न चढवणारे गृहस्थ होते. भांडी धुताना ती फळ्यावरचे आलेख बघत उभी राहते हे त्यांनी पाहिलं, आणि एक दिवस तिच्या हातात पेन्सिल देऊन म्हणाले, "ही रेघ इथे खाली का आली, सांग बघू." तिनं सांगितलं. चुकलं, पण सर हसले नाहीत. वर्षभरात ती शेवटच्या खोलीत आली. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. मधल्या काळात तिनं धाकट्याला चिकटवून घेतलं होतं, आधी ओझी उचलायला, मग यंत्रावर.

प्रयोगशाळा ज्याची होती तो कारखाना हेल्मेट बनवायचा. खाणीत, बांधकामावर, उंचावर काम करणाऱ्यांची. प्लास्टिकमध्ये माती मिसळून ते अधिक चिवट, अधिक हलकं करायचं, असं काम दोन वर्षं चाललं होतं. माती म्हणजे अंगणातली नव्हे. तिचा कण म्हणजे एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांची चळत, पत्त्यांच्या जोडासारखी, आणि एकेक पापुद्रा इतका पातळ की केसाच्या जाडीत ऐंशी हजार मावतील. पापुद्र्यांच्या मधल्या फटीत एक तेलकट रसायन भरलेलं, म्हणजे फट उघडी राहावी आणि प्लास्टिकला आत शिरता यावं. पापुद्रे सुटे झाले, वितळलेल्या प्लास्टिकभर पसरले, तर मूठभर मातीत पोतंभर ताकद येते. चळत तशीच राहिली, तर ती नुसती माती, आणि हेल्मेट डोक्याआधी फुटतं.

पापुद्रे प्रेमानं सुटत नाहीत. त्यासाठी धाकट्याचं यंत्र होतं. तापलेल्या जाड नळीत शेजारी शेजारी फिरणारी दोन मळसूत्रं, त्यांच्या दातांमध्ये प्लास्टिकचे दाणे आणि माती पिळली, चिरडली, फाडली जायची आणि दुसऱ्या टोकाच्या तोंडातून गरम तार होऊन बाहेर यायची. तार पाण्याच्या हौदातून जायची, कापली जायची, तिचे पुन्हा दाणे व्हायचे. त्या दाण्यांच्या पट्ट्या, त्या पट्ट्या शेवटच्या खोलीत, आणि तिथे हातोडी.

"मी जन्माला घालतो, तू मारतेस," धाकटा म्हणायचा.

"तू घालतोस तसले मारलेलेच बरे," ती म्हणायची.

तिची एक सवय होती. यंत्र चालू असलं की दर अर्ध्या तासानं ती जाऊन वीतभर तार कापून आणायची, तिला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची, तारीख आणि वेळ घालायची, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं. पट्टी वाईट मोडली, तर ती कुठल्या घटकेला बिघडली हे तिला डब्यात शोधता यायचं. धाकटा याला तिचं ‘केस गोळा करणं’ म्हणायचा.

आणखी एक रीत होती, ती सगळ्यांचीच. माती यंत्रात घालण्याआधी भट्टीत आठ तास वाळवायची, कारण ती हवेतलं पाणी ओढून घेते. तबक भट्टीत ठेवलं की वहीत लिहायचं. आणि सगळेजण तेव्हाच, सकाळीच, दोन्ही वेळा लिहून टाकत. आत दहा, बाहेर सहा. संध्याकाळी घरी जायच्या घाईत वही कोण उघडणार?

त्या दिवशी तिनंही तसंच लिहिलं होतं. आणि दुपारी दोनला तिला आपल्या पट्ट्यांसाठी भट्टी हवी होती. तिनं मातीचं तबक बाहेर काढलं, वर कागद झाकला आणि खिडकीखाली ठेवलं. बाहेर आठ दिवस दमट, चिकट हवा होती. भिंतीवरचं कॅलेंडर फुगून वळलं होतं. वहीत मात्र सहा होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्यानं ती माती यंत्रात घातली. कारखान्यात पाहुणे यायचे होते, त्यांना दाखवायला पन्नास किलो माल हवा होता. तार पहिल्यापासून खरखरीत येत होती. अकराची तार तिनं कापली तेव्हा बोटाला बारीक बारीक फोड लागले. तिनं ती चिठ्ठी बांधून डब्यात टाकली आणि पुढे गेली. खिडकीखालचं तबक तिला तेव्हाच आठवलं होतं, पण तिनं त्याकडे कानाडोळा केला.

सव्वाअकराला धाकटा बोट कापून घेऊन तिच्या खोलीत आला. तिनं पट्टी बांधली, स्वतःचा चहा त्याच्यापुढे सरकवला.

"यंत्र कुणाकडे?"

"सरांकडे. म्हणाले, जा, मी बघतो. फार चिडलेत. तार खडबडीत येतेय म्हणून मला तीनदा बोलले."

साडेअकराला त्याला चहा पीत सोडून ती तार कापायला गेली. सर पाठमोरे उभे होते, तापमान बदलायच्या कुलूपबंद पेटीसमोर. किल्ली कुलपात होती. ती किल्ली सरांच्या जुडग्याची, दुसरी नव्हती. आच वाढवली की येते तशी तार आता गुळगुळीत येत होती, पण चहाच्या रंगाची, आणि तिला सडक्या मासळीचा वास होता. बावीस वर्षांत हा वास तिनं दोनदा घेतला होता. मातीच्या फटीतलं रसायन जळलं की असा वास येतो.

"सर, वास येतोय," ती म्हणाली.

"तू तुझ्या पट्ट्या मोड," सर मागे न वळता म्हणाले.

ती तार घेऊन खोलीत आली. धाकटा चहा संपवून उठला होता. त्याला ती काही म्हणाली नाही.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना आवाज झाला. बंदुकीसारखा नव्हे, जड लोखंडी दार कुणीतरी रागानं आपटावं तसा, आणि त्यानंतर काहीच नाही, यंत्राची घरघरसुद्धा नाही.

तोंड तुंबलं होतं. जळलेल्या मातीचे गोळे अडकून तार थांबली होती. आत ओल्या मातीची वाफ आणि जळणाऱ्या रसायनाचा वायू कोंडत होता. तोंडासमोर उभं राहायचं नाही, हा त्या खोलीतला पहिला नियम, भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेला. सर धाकट्याला म्हणाले होते, "पितळी सळी घे आणि काढ ते. वेळ नाही." त्यानं सळी घेतली. बोळा सुटला तो सळीसकट त्याच्या जबड्यावर आणि मागोमाग अडीचशे अंशांवरचं वितळलेलं प्लास्टिक त्याच्या तोंडावर, मानेवर, उजव्या हातावर.

ती पोचली तेव्हा तो गुडघ्यांवर होता. वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटून तिथेच घट्ट होतं. ते ओढायचं नसतं, ओढलं की कातडी बरोबर येते. एक कामगार ते ओढत होता. मदतच करत होता बिचारा. तिनं त्याच्या कानशिलात अशी लगावली की तो हौदावर जाऊन आदळला. मग तिनं हौदातलं पाणी बादलीनं धाकट्यावर ओतायला सुरुवात केली. बादलीमागून बादली. तो ओरडत नव्हता, कारण जबडा जागेवर नव्हता. डाव्या हातानं त्यानं तिच्या साडीचं टोक धरलं होतं. तिनं पाणी ओतताना मोजलं नाही. लोकांनी नंतर सांगितलं, चाळीस तरी असतील.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, डावा डोळा गेला. जबडा तारांनी बांधलाय, सहा आठवडे बोलता येणार नाही. भावजय भिंतीला टेकून ऐकत होती. डॉक्टर गेले आणि ती वळली.

"तुम्ही लावलंत त्यांना तिथे," ती म्हणाली. "मी नको म्हणत होते, वन्सं. तुम्ही म्हणालात, माझ्या नजरेसमोर राहील."

पहिला फटका उघड्या हातानं आला, दुसरा मुठीनं. मग भावजयीनं तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. दोन परिचारिका धावत आल्या. हातोडी उभी राहिली, हात खाली सोडून. आयुष्यात पहिल्यांदा तिनं फटका परत दिला नाही. भावजयीला वाटलं, हिला काही वाटतच नाही, आणि तिनं आणखी एक मारला.

आठव्या दिवशी सरांचा अहवाल फलकावर लागला. चालकाने परवानगीशिवाय किल्ली घेऊन तापमान वाढवले आणि नियम मोडून यंत्राच्या तोंडासमोर उभा राहिला. पुढच्या सोमवारी चौकशी समिती बसणार होती. समितीनं मान डोलावली, की धाकट्यावर खटला होणार, आणि तो बरा झाला तरी कुठल्याही यंत्राच्या जवळ त्याला कुणी उभं करणार नाही. तोंड बांधलेल्या माणसाला कुणी विचारायलाही येणार नव्हतं.

त्या दिवशी ती खोलीचं दार लावून डबा पुढ्यात घेऊन बसली. अकराची तार, फिकट. साडेअकराची, तपकिरी. धाकटा तेव्हा तिच्या खोलीत चहा पीत होता, यंत्रावर सर होते. साडेअकराची तार बोलली तर धाकटा सुटत होता. पण ती एकटी बोलू शकत नव्हती. माती पहिल्यापासून अशीच होती, असं सर म्हणाले असते. तापमान वाढण्याआधीची तार शेजारी ठेवल्याशिवाय फरक दिसणार नव्हता. आणि ती अकराची तार फोडांनी भरलेली होती. त्या फोडांत पाणी होतं, आणि ते पाणी तिचं होतं. धाकट्याला सोडवणारा डबा तिलाही धरून देत होता. डबा उघडला नाही, तर वहीत आठ तास होते आणि ती सुरक्षित होती.

दार वाजलं. सर होते. त्यांनी खुर्ची घेतली, डब्याकडे पाहिलं.

"अजून जमवतेस?"

"सवय आहे, सर."

"मला माहीत आहे, तू तबक दोनला काढलंस," सर हळू आवाजात म्हणाले. "मी जाताना पाहिलं होतं. अहवालात मी ते घातलं नाही. वहीत आठ तास आहेत, मी ते तसेच धरलेत. तुला सांभाळायचं म्हणून."

तिनं डब्याचं झाकण लावलं.

"त्याचं जे व्हायचं ते झालंय. डोळा काही परत येणार नाही. तू उरलीस तर त्याचं बघशील तरी. दोघंही गेलात तर कोण बघणार?"

ते खरं होतं. तेच वाईट होतं. तेवढ्यात सरांनी डबा उचलला आणि ते बाहेर पडले.

शेजारच्या खोलीत टाकाऊ प्लास्टिक भरडायचं यंत्र चालू होतं, त्याचं पातं सगळ्या इमारतीला ऐकू जायचं. सर त्या दिशेनं निघालेत हे तिला चार पावलं गेल्यावर कळलं. ती धावली. सर झाकण उघडत होते. तिनं डबा धरला, त्यांनी ओढला. हा माणूस हातानं एवढा दणकट असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. त्यांनी तिचं कोपर पिळून तिला यंत्राच्या तोंडावर दाबलं. खाली पातं गरगरत होतं, भुकटी तिच्या डोळ्यांत उडत होती, बापाच्या पापण्यांवर असायची तशी.

मग तिच्या हाताला मारायची जुनी सवय आठवली. डब्याचा कोपरा सरांच्या भुवईवर बसला. कातडी फाटून पांढरं हाड दिसलं, आणि मग रक्त. डबा निसटला, तारा फरशीवर पसरल्या. सरांनी बुटांनी त्या तुडवायला सुरुवात केली. एका डोळ्यात रक्त असल्यामुळे ते आंधळ्यासारखे तुडवत होते. ती गुडघ्यांवर उतरून बुटांखालून चिठ्ठ्या शोधत होती. नऊ. साडेदहा. अकरा. टाच तिच्या डाव्या हातावर आली, दोन बोटं मोडल्याचं तिला आवाजावरून कळलं. साडेअकराची तार यंत्राच्या पायाशी गेली होती. ती तिनं दातांत धरून ओढली.

सर भिंतीला टेकून धापा टाकत होते. रुमाल डोळ्यावर. "तू माझ्यावर हात उचललास," ते म्हणाले, जणू तेवढंच घडलं होतं.

"हो, सर," ती म्हणाली. "एक हात अजून शाबूत आहे."

क्ष-किरण यंत्रावर एक चष्मेवाली मुलगी काम करत होती. नुकतीच आलेली, सगळ्यांना घाबरणारी, हातोडीला तर फारच. दारात सुजलेला हात आणि तोंडावर रक्त घेऊन हातोडी उभी राहिली तेव्हा ती खुर्चीवरून उठलीच.

"बस," हातोडी म्हणाली. "तुला मारायला नाही आले. या दोन तारा बघ. आत्ता."

"सरांची सही..."

"सरांना सध्या एकाच डोळ्यानं दिसतंय. मी करते सही."

मुलीनं तारा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवल्या. पांढरं धुकं टेबलावरून खाली ओघळलं. गोठलेल्या तारा तिनं चिमट्यानं मोडल्या, काडकन, काचेसारख्या. म्हणजे आतलं जसंच्या तसं दिसतं. एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली, एक किरणांसमोर. पडद्यावर हळूहळू रेघ उमटू लागली. अकराच्या तारेचा डोंगर डावीकडे होता, म्हणजे पापुद्र्यांमधली फट रुंद. साडेअकराच्या तारेचा डोंगर बराच उजवीकडे.

"फट मिटलीय," मुलगी पुटपुटली. तिची भीती आता पडद्यात गेली होती. "आतलं रसायन जळून गेलंय, पापुद्रे परत एकमेकांवर बसलेत. अकराला नीट होते. मधल्या अर्ध्या तासात कुणीतरी तापमान खूप वाढवलंय, ताई." मग तिनं सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि थांबली. "पण हे काय? अकराच्या तारेतसुद्धा बुडबुडे आहेत. गोल, कितीतरी. तेव्हा तर तापमान बरोबर होतं. पाणी कुठून आलं?"

हातोडीनं चिठ्ठीवरची अकराची वेळ पुन्हा वाचली.

"हे वेगळ्या कागदावर देऊ का?" मुलीनं विचारलं. चष्म्याआडून तिनं तिच्याकडे नीट पाहिलं, आणि हातोडीला कळलं की हिला कळलंय. "म्हणजे, समितीनं तापमानाचंच विचारलंय. बुडबुड्यांचं कुणी विचारलेलं नाही."

हातोडी मोडलेल्या बोटांकडे बघत राहिली. ती आता निळी पडत होती.

"एकाच कागदावर दे," ती म्हणाली.

सोमवारी समितीपुढे तिनं कागद ठेवला आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. किल्ली, वास, सर, धाकट्यापुढचा चहा. मग वही उघडून स्वतःच्या अक्षरावर बोट ठेवलं. हे सहा खोटे आहेत. मी दोनला काढलं. तोंडात जो दाब झाला त्यात जळण्याचाही वाटा आहे आणि पाण्याचाही. कुणाचा किती, ते हे यंत्र सांगत नाही. समितीतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, सहाची वेळ सकाळीच लिहायची रीत इथे सगळ्यांची आहे, असं आम्ही ऐकतो." ती म्हणाली, "हो. पण ते तबक मी काढलं होतं."

सरांच्या भुवईला सात टाके होते. ते एकदाही तिच्याकडे बघत नव्हते. ज्या माणसानं तिला आलेख वाचायला शिकवलं, त्याच्यासमोर ती आलेख वाचत होती, आणि तिला त्याचाही राग येत होता.

निकाल तीन ओळींचा होता. चालक निर्दोष. सरांवर खटला. तिला कामावरून कमी केलं, वहीत खोटं लिहिल्याबद्दल आणि वरिष्ठावर हात उचलल्याबद्दल. शेवटच्या खोलीची किल्ली तिनं टेबलावर ठेवली. डबा घेऊन जाऊ का, असं विचारलं. नाही म्हणाले, तो आता पुरावा होता.

ती सरळ दवाखान्यात गेली. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन धाकट्याच्या पायांवर आलं होतं. तोंडाचा अर्धा भाग पट्ट्यांखाली, उजवा हात बांधलेला. एका डोळ्यानं त्यानं तिला पाहिलं आणि भुवई उंचावली, बोटांकडे. भावजय कोपऱ्यात त्याच्यासाठी पेज गाळत होती.

"सुटलास," ती म्हणाली. "सरांनी तापवलं, ते सिद्ध झालं. तू काही केलं नाहीस."

त्यानं डोळा मिटला. छाती वर-खाली झाली.

"अजून एक आहे," ती म्हणाली. गाळणीचा आवाज थांबला. "माती ओली होती. मी तबक दोनला काढलं, माझ्या पट्ट्यांसाठी. वहीत सहा लिहिलं होतं. आणि साडेअकराला मला वास आला होता. मी सरांना बोलले, तुला बोलले नाही. तू समोर चहा पीत होतास."

त्यानं डोळा उघडला. मग त्याचा डावा हात चादरीवरून उचलला गेला. तिनं तो येताना पाहिला. तिला सरकता आलं असतं. ती पुढे झुकली. फटका कानशिलावर बसला, आजारी माणसाच्या हातात असेल असं वाटलं नव्हतं एवढा. कान वाजायला लागला. जिभेला रक्ताची चव आली.

जुन्या सवयीनं तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं, किती वर जातोय ते.

तो वर गेला नाही. तिच्या खांद्यावरून घसरून तो चादरीवर आला, तिथे तिच्या साडीचं टोक होतं, आणि मूठ त्याच्यावर मिटली.

मग भावजयीनं वाटी टेबलावर ठेवली, जरा आपटूनच.

"वन्सं, त्यांना उठवून बसवायला हात लावा जरा," ती म्हणाली. "चांगला हात लावा. मोडका नको."